मोठ्याने वाच

परवा आमच्या पर्यवेक्षकांनी माझ्या वर्गाचं दार ढकललं आणि विचारलं, "मॅडम, तास चालू आहे ना? आवाज येत नाही काही." मी शहापूरकडच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात अकरावीला गणित शिकवते. मुलांना एक गणित घातलं होतं आणि वीस मिनिटं कुणीही बोलायचं नाही असं सांगितलं होतं. कुणी पेन चावत होतं, कुणी पंख्याकडे बघत होतं. मी म्हटलं, "चालू आहे सर, म्हणूनच आवाज येत नाही." माझा सूर त्यांना आवडला नाही. दार लावून ते गेले.

ते गेल्यावर पहिल्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, मॅडम, बारावीनंतर अभ्यास कमी होतो ना? माझ्या दादाकडे दोनच वह्या आहेत, आणि तो बारा वाजता घरी येतो. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिचा काही दोष नव्हता. ती जे बोलली ते मी माझ्या घरात तीन वर्षं ऐकलं होतं, जवळजवळ शब्दाला शब्द. त्यामुळे तिला धड उत्तर देता आलं नाही. ते इथं देते.

आमचं गाव मुरबाडहून माळशेजला जाणाऱ्या रस्त्यावर, वैशाखऱ्याच्या अलीकडे, आत दोन किलोमीटर. पावसाळ्यात भात आणि पाणी असेल तिथं उन्हाळ्यात भेंडी. गावात दहावीपर्यंतची शाळा होती आणि त्या शाळेत दहावीचं वर्ष म्हणजे घरात लग्न निघाल्यासारखं असायचं. सकाळी सातला जादा तास, मग अकरा ते पाच शाळा, रविवारी सराव परीक्षा. प्रत्येक उत्तर पाच वेळा लिहायचं. चुकलं तर दहा वेळा. इतिहासाची कारणं, भूगोलातले फरक स्पष्ट करा, विज्ञानाच्या व्याख्या, सगळं पाच पाच वेळा. माझं मधलं बोट पेनाच्या बाजूनं कडक झालं होतं. वह्यांचा ढीग एवढा, की दप्तराचा पट्टा दोनदा तुटला आणि बाबांनी तो खताच्या गोणीच्या दोऱ्यानं शिवला.

आणि वर संध्याकाळची फेरी. आमचे वर्गशिक्षक गावातच खोली घेऊन राहायचे. दिवेलागणीला ते हातात काठी घेऊन आळीआळीतून चालत जायचे. कुणाच्या घरात शिरायचे नाहीत. नुसतं ऐकत जायचे. ज्या घरात दहावीचं पोर आहे त्या घरातून वाचण्याचा आवाज आला पाहिजे, असा त्यांचा नियम होता. ज्या घरातून आवाज आला नाही त्या घराचं नाव दुसऱ्या दिवशी प्रार्थनेच्या वेळी सगळ्यांसमोर घेतलं जायचं. पोराचं नाही, घराचं. त्यामुळे संध्याकाळी आमच्या आळीत पाच घरांतून पाच पोरं गळा काढून वाचायची, आणि ज्यांना स्वतःला सही करताना घाम फुटायचा ते बाप आपापल्या ओटीवर बसून राखण करायचे. आवाज जरा खाली आला की बाबा बाहेरून म्हणायचे, "मोठ्याने वाच गो."

सर वाईट नव्हते, असं सगळे म्हणतात. मीही म्हणायचे. आता म्हणत नाही. त्या माणसानं अख्ख्या गावाला शिकवून ठेवलं की अभ्यास ऐकू येतो. जो ऐकू येत नाही तो अभ्यास नाही. शिकवलेलं लोक कधी विसरतात आणि कधी जन्मभर विसरत नाहीत, आणि नेमकं हेच गाव विसरलं नाही.

पण त्या वर्षी मला तक्रार करायला जागा नव्हती, कारण बदल्यात राणीसारखी वागणूक मिळत होती. घरामागच्या वावरात भेंडी होती, पण मला तिथं पाय ठेवू दिला नाही. भेंडी तोडली की हाताला बारीक कूस लागते, बोटं दिवसभर खाजतात, मग पेन धरवत नाही. म्हणून माझ्या वाटणीच्या सऱ्या आईनं तोडल्या. टीव्ही वर्षभर बंद. पाणी भरायला नाही, भांडी नाहीत. मी शाळेत पहिली आले. बाबांनी आळीत सगळ्यांना सांगितलं, पोरीचा आवाज नळापर्यंत जायचा.

अकरावी-बारावी मुरबाडला झाली, आणि तीही त्याच वाफेवर निघून गेली. पाठ करायचं आणि ओकायचं. मग मी मुरबाडलाच बी.एस्सी.ला गेले आणि गणित घेतलं. तिथं माझी पोपटपंची उघडी पडली.

दुसऱ्या वर्षाला एक पेपर होता. त्यात एक व्याख्या होती, दोन ओळींची. एप्सिलॉन आणि डेल्टा नावाची दोन अक्षरं त्यात होती, बाकी सगळे साधे शब्द. दोनच ओळी आहेत म्हणून मला हसू आलं. मी घरी येऊन ती व्याख्या मोठ्याने वाचली. चाळीस वेळा वाचली असेल. बाबा ओटीवर खूश. पुढचं प्रमेय वाचलं, त्याची सिद्धता वाचली, झोपेत विचारलं असतं तरी म्हणून दाखवली असती. परीक्षेत व्याख्या विचारलीच नाही. ती वापरून दुसरंच काहीतरी सिद्ध करायला सांगितलं होतं. मी तीन तास पेपरात व्याख्याच लिहीत होते, वेगवेगळ्या हस्ताक्षरात म्हणा हवं तर. केटी लागली, म्हणजे तो एक पेपर राहिला. पुन्हा दिली, पुन्हा राहिली.

तेव्हा आमच्या गणिताच्या सरांनी मला स्टाफरूमच्या बाहेर उभं करून एक प्रमेय म्हणायला सांगितलं. मी घडाघडा म्हटलं. ते म्हणाले, "तू हे तोंडानं म्हणतेस, त्याच्याकडे बघत नाहीस. पुस्तक मिट. एक गणित घे आणि ते सुटेपर्यंत गप्प बस. तीन दिवस लागले तरी चालतील." मला वाटलं, माझी चेष्टा करतायत. तीन दिवसांत मी दहावीला दोन धडे पाठ केले असते.

पण मी गप्प बसले. पहिल्या दिवशी डोकं दुखलं. दुसऱ्या दिवशी रडू आलं. तिसऱ्या दिवशी आंघोळीला पाणी काढताना एकदम कळलं की डेल्टा आपण ठरवायचा असतो, समोरच्यानं एप्सिलॉन दिल्यावर. एवढंच. कुणाला सांगितलं तर हसेल. पण शाळेत दहा वर्षं जे केलं त्यात हे एकदाही झालं नव्हतं, हे मला त्या बादलीपाशी समजलं, आणि तेव्हाही आनंदाच्या आधी रागच आला. दहा वर्षं माझ्याकडून हमाली करून घेतली होती आणि तिला अभ्यास म्हटलं होतं. शाळेचं ओझं जास्त की कॉलेजचं, असं कुणी विचारलं की मी विचारते, कुठलं ओझं? पाठीवरचं शाळेत जास्त होतं. पण ते संध्याकाळी उतरायचं. पाच वेळा लिहून झालं की झालं. हे दुसरं भांडी घासताना, एसटीत, जेवताना डोक्यातच असायचं, आणि दिवसभर वाहूनही संध्याकाळी दाखवायला हातात एक ओळ नसायची.

आणि घरी दाखवावंच लागायचं.

बाबांनी माझी पिशवी एकदा हातात धरून तोलून बघितली होती. "दोन वह्या? दहावीला उचलत नव्हती." कॉलेज साडेअकराला सुटतं, एक-दीडला पोर घरी, म्हणजे अर्ध्या दिवसाचं कॉलेज. शाळेतून एक दिवस राहिली तर शिक्षक घरी विचारायला यायचे. कॉलेजातून कुणी येत नाही, म्हणजे नाही गेलं तरी चालतं. जावळ, बारसं, हळद, कुठंही माणूस कमी पडलं की मी. आणि भेंडी तर होतीच. ती एक दिवस आड तोडावीच लागते, नाही तर जून होते आणि व्यापारी घेत नाही. टेम्पो संध्याकाळी यायचा, म्हणून तोडणी दुपारी तीनला सुरू. मी घरी यायचे, दोन घास खायचे, हातात जुने पायमोजे चढवायचे आणि सऱ्यांत शिरायचे. मोजे घातले तरी कूस आत जायचीच. ज्या दिवशी तोडणी नसेल त्या दिवशी मी मागच्या खोलीत खिडकीपाशी कागद घेऊन बसायचे आणि भिंतीकडे बघायचे. गणित असंच होतं, त्याला मी काय करू? पण चुलतीनं आईला सांगितलं, पोरीचं लक्षण ठीक दिसत नाय, बसल्या जागी हरवते. तिचा संशय काय होता ते मला कळलं आणि मी तिच्याशी महिनाभर बोलले नाही.

शेवटचं वर्ष आलं. मार्चमध्ये शेवटचे पेपर आणि त्यांच्या जोडीला तीच जुनी केटी. भातसानगरला धरणावर नोकरी करणारा माझा मामा एक स्थळ घेऊन आला होता. मुलगा तिकडचाच, चांगला होता म्हणे. बाबांनी मामाला स्पष्ट सांगितलं की पोरीची पदवी होऊ दे. मला मात्र जेवताना म्हणाले, या खेपेला नाय निघाली तर बास झालं, आमी किती दिवस थांबायचं. ते ओरडून बोलले असते तर मी भांडले असते. ते शांतपणे बोलले, आणि त्यांच्या हिशेबानं खरंच बोलले.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याकडे एक महिना भेंडीतून सुट्टी मागितली, दहावीसारखी. त्यांनी विचार केला. मग म्हणाले, "दहावीला आवाज यायचा गो. आता येतो काय?"

आता काय, मुरबाडच्या सरांना घेऊन यायचं आणि ओटीवर व्याख्यान ठेवायचं? माझा इतका संताप झाला की मी माळ्यावर चढून दहावीची जुनी पुस्तकं खाली ओढली. हातात भूगोल आला. मी मोबाइल समोर ठेवला, रेकॉर्डिंग सुरू केलं आणि भारत आणि ब्राझील यांच्या हवामानातला फरक, ब्राझीलची वर्षावनं, ब्राझीलची कॉफी, सगळं पाऊण तास दहावीच्या आवाजात वाचून काढलं. खिडकी वावराच्या बाजूला उघडत होती. तीन वाजता बाबा, आई आणि चुलती सऱ्यांत शिरले, तेव्हा मी मोबाइल खिडकीत पडद्यामागे ठेवला, चालू केला आणि स्वतः भाताच्या कणगीच्या आडोशाला कागद घेऊन बसले. रेकॉर्डिंग संपलं की पुन्हा तेच लावायचे.

बाहेरून बाबांचा आवाज आला, "आता कशी लागली अभ्यासाला." मला मोबाइल त्यांच्या पायाशी आपटावासा वाटला.

सुट्टी मिळाली. दुपारचा चहासुद्धा खोलीच्या दाराशी मिळायला लागला. चुलतीनं आळीत सांगितलं, पोरगी झपाटून वाचते. शेवटच्या वर्षाची गणिताची पोरगी रोज दुपारी ब्राझीलची कॉफी वाचत होती आणि कुणालाही त्यात काही वावगं वाटत नव्हतं. मला हसू यायला पाहिजे होतं. आज ऐकणारे हसतात. मला तेव्हा दात-ओठ खावेसे वाटायचे, कारण दोन वर्षं मी खरोखर मेहनत करत होते तेव्हा मी आळशी होते, आणि आता खोटा आवाज लावला तर मी शहाणी झाले होते. पण गणित सुटायला लागलं. कणगीमागच्या त्या हातभर जागेत मी जे शिकले ते आजही फळ्यावर लिहिते.

परीक्षेला आठवडा राहिला असेल. एक सिद्धता दोन दिवस अडली होती आणि त्या दुपारी ती सुटत होती. एक एक पायरी समोर येत होती आणि मी श्वाससुद्धा जपून घेत होते. मोबाइल कधी बंद पडला ते मला कळलंच नाही. आदल्या दिवशी वीज नव्हती, चार्जिंग अर्धवट होतं. बाहेरच्या शांततेनं नाही, बाबांच्या बोलण्यानं मी भानावर आले.

"आवाज बंद झाला," ते सऱ्यांतून म्हणाले. मग जरा थांबून, "झालं असंल तर ये गो हिकडं, दोन सऱ्या उरल्यात."

उठून गेले तर ती सिद्धता हातची जाणार होती. नाही गेले तर ते आत येणार होते, आणि खिडकीत मेलेला मोबाइल आणि कणगीमागे मी. तोंड उघडून काहीतरी वाचावं म्हटलं, तर भूगोलाचं पुस्तक पलंगावर होतं आणि माझ्या डोक्यात ब्राझीलचा एक शब्द येईना.

तेवढ्यात आईचा आवाज आला. आई वावरात बाबांच्या शब्दाला उत्तर देणाऱ्यांतली नव्हती. पाटी भरली की उचलायची आणि चालायला लागायची, असा तिचा स्वभाव. ती म्हणाली, "राहू द्या तिला. मनात वाचते ती."

"मनात वाचून येतं काय?"

"येतं," आई म्हणाली. "तुमी तोडा. त्या दोन सऱ्या मी घेते."

नंतर पाटीत भेंडी पडल्याचे आवाज पुन्हा यायला लागले. मी सिद्धता पुरी केली. त्या दिवसापासून मी मोबाइल लावला नाही आणि मला कुणी हाकही मारली नाही.

मी सगळे पेपर दिले. केटीच्या पेपरात पाच प्रश्नांपैकी साडेचार आले. निकाल लागला तेव्हा भात पेरून झालं होतं. मी सुटले होते. बाबा मुरबाडला जाऊन पेढे घेऊन आले आणि घरोघर स्वतः फिरले. प्रत्येक दारात त्यांचं एकच वाक्य, आमची पोर महिनाभर मोठ्याने वाचत होती, वावरात ऐकू यायचं. चुलतीच्या पोराला तर त्यांनी माझ्यासमोर सांगितलं, तायसारखा मोठ्याने वाच. पोर लगेच गळा काढून वाचायला बसलं. तिसरीतलं पोर ते.

मी घरात आले आणि आईवर भडकले. बाबांवर भडकायची हिंमत नव्हती, म्हणून तिच्यावर. ती मागच्या पडवीत बसून तांदूळ निवडत होती. मी म्हटलं, तू तरी सांग त्यांना. तो आवाज माझा नव्हता, मोबाइलचा होता. आई मान वर न करता म्हणाली, "म्हाइती हाय. ब्राझील तर दहावीलाच झाला होता."

दहावीच्या वर्षी, परीक्षेआधीच्या सुट्टीत, माझ्या वाटणीच्या सऱ्या तोडताना तिनं तो अख्खा भूगोल खिडकीतून ऐकला होता. पहिल्याच दुपारी तिला कळलं होतं. मग मला आठवलं ते वावरातलं बोलणं, आणि मी विचारलं, मनात वाचून येतं हे तुला कुणी सांगितलं?

तिनं दोन-चार खडे बाजूला टाकले. मग म्हणाली, "मी पन तशीच वाचायची. सातवीत होती. आवाज काढला का मला काय कळायचं नाय, म्हनून गप बसून वाचायची. बा म्हणाला, पोर नुसती बसून राहते, शाळेत काय करतेय ही. काढली मला."

आई सातवीपर्यंत शिकली हे मला माहीत होतं. पुढची शाळा लांब होती म्हणून सुटली, असं मी धरून चालले होते. असं मला कुणी सांगितलंही नव्हतं, मीच ठरवलं होतं. तो आजोबा मी पाहिलेला नाही. माझ्या जन्माच्या आधीच गेला. नाही तर मी आईच्या माहेरी जाणारी शहापूरची पहिली जीप पकडून त्याच्या दारात उभी राहिले असते.

राग कुठंतरी काढायला हवा होता. मी तो पुन्हा तिच्यावरच काढला. म्हटलं, तुला हे सगळं माहीत होतं, तर दोन वर्षं मला भेंडीत का जाऊ दिलंस? मी भिंतीकडे बघत बसायचे तेव्हा तूही गप्पच होतीस. एका शब्दानं बोलली असतीस तर माझी केटी कधीच निघाली असती. मी बरंच बोलले. त्यातलं निम्मं मला आज लिहवत नाही.

आईनं सूप खाली ठेवलं. तिला राग आला नव्हता, हेच मला सहन होईना. ती म्हणाली, "मला वाटायचं, बा खरं बोलला. मी खरंच बसूनच राहायची. तू पास झाली तवा कळलं."

पास मी झाले आणि निकाल तिचा लागला, बत्तीस-तेहतीस वर्षांनी, पडवीत तांदूळ निवडताना. मी तिच्यापाशी बसून राहिले. सूप तसंच पडलं होतं. आळीत चुलतीचं पोर अजून मोठमोठ्यानं काहीतरी वाचत होतं. पेढ्यांचा रिकामा खोका घेऊन बाबा परत आले, ओटीवर टेकले आणि जरा वेळानं त्यांनी आत विचारलं, आज घरात कुणाचा आवाज कसा येत नाय.

आईनं सूप पुन्हा हातात घेतलं.